साडेतीन आठवड्यांची पिल्लं आणि निफाडची थंडी

ताई, तुमच्या प्रश्नातलं मला समजलं ते असं. निफाड तालुक्यात शेतात घर आहे. आठ बाय दहा फुटांचं पत्र्याचं खुराडं, तीन बाजूंना जाळी आणि एका बाजूला वीटकाम. गिरिराजा जातीच्या कोंबड्यांची साठ पिल्लं आणली, ती आज साडेतीन आठवड्यांची आहेत. परवा सकाळी तीन पिल्लं कोपऱ्यात मरून पडलेली सापडली. आदल्या संध्याकाळी ती चांगली हुंदडत होती, अंगावर जखमही नाही. आता थंडीची लाट येणार म्हणतात, म्हणून सगळ्या जाळ्या प्लॅस्टिकच्या कागदाने गच्च बांधून रात्री आत कोळशाची शेगडी ठेवायचा तुमचा विचार आहे.

शेगडीचा विचार आजच सोडा. बाकी सगळं सविस्तर सांगते, पण हे आधी. दिंडोरीकडे माझं मदर युनिट आहे. एक दिवसाचं पिल्लू आणून पाच-सहा आठवड्यांचं करून बचत गटातल्या बायकांना द्यायचं, हे काम मी अठरा वर्षं करते. पहिल्याच हिवाळ्यात मी तुमच्यासारखाच बेत केला होता. चारही बाजूंनी कागद, मध्ये फुललेली शेगडी. रात्री अकराला पाहिलं तेव्हा पिल्लं निवांत पसरली होती, मला वाटलं छान ऊब मिळाली. पहाटे दार उघडलं तर एकाही पिल्लाचा आवाज नाही. कोळसा अर्धवट जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. ती पिल्लं झोपेतच गेली. आजही खुराड्यात शेगडी दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. मोठ्या शेडमध्ये बुखारी (बंद शेगडी) वापरतात, पण तिला धूर बाहेर नेणारी नळी असते. ती नसेल तर निखारा आत न्यायचाच नाही.

आता तुमची तीन पिल्लं. मला ती थंडीने गारठून मेलेली वाटत नाहीत, चेंगरून मेलेली वाटतात. पहाटे गारवा वाढला की पिल्लं एकमेकांच्या अंगाखाली घुसतात. घुसता घुसता कोपऱ्यात ढीग होतो आणि तळाची गुदमरतात. ओळखायची खूण सोपी आहे. मेलेलं पिल्लू अंगापिंडाने चांगलं, गळ्याची पिशवी दाण्याने भरलेली, अंग मात्र चपटलेलं आणि पिसं दमट. आजारी पिल्लू आधी एक-दोन दिवस पिसं फुलवून, डोळे मिटून बाजूला उभं राहतं, त्याची पिशवी रिकामी असते. तुमचं वर्णन पहिल्या खुणेशी जुळतं. म्हणून आज संध्याकाळीच खुराड्यातले कोपरे मोडा. पत्र्याची पट्टी, जाड पुठ्ठा, बांबूची चटई, घरात जे असेल त्याचं दीड-दोन फूट उंचीचं गोल कडं करा. साठ पिल्लांना सात फूट व्यासाचं गोल रात्रीपुरतं पुरतं. गोलात कोपराच नसल्यामुळे ढीग एका जागी साचत नाही. शिवाय ऐंशी चौरस फूट तापवण्यापेक्षा तेवढाच भाग उबदार ठेवणं सोपं जातं.

तुम्ही परदेशातले व्हिडिओ पाहून तुऱ्याला लावायला व्हॅसलिन आणून ठेवलंय असं लिहिलंत. ते राहू द्या. तिकडे बर्फात, शून्याच्या कितीतरी खाली गेलेल्या हवेत तुरा गोठून काळा पडतो, त्यासाठी तो उपाय करतात. आपल्याकडे कडाक्याच्या वर्षी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली नोंदवला जातो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पण अंगभर पिसं असलेल्या मोठ्या कोंबडीला ती थंडी सहज झेपते. तिच्या अंगातच ४१ अंशांची भट्टी आहे आणि वरून पिसांची दुलई. तिला वारा लागला नाही, अंग भिजलं नाही आणि पोट भरलेलं असलं की तिला बल्ब लागत नाही. तुमच्या पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांच्या अंगावर अजून निम्मी लव आहे. डोक्यावर, मानेवर आणि पंखांच्या खाली हात फिरवून बघा, तिथे पिसं सगळ्यात शेवटी येतात. ती येईपर्यंत बाहेरची ऊब द्यावीच लागते.

किती ऊब? पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ३५ अंश, मग दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, असा हिशोब. म्हणजे तुमच्या पिल्लांना आत्ता पंचवीस-सव्वीस लागतं आणि सहाव्या आठवड्यापर्यंत एकवीसवर आलं तरी चालतं. बाहेर पहाटे सात-आठ अंश असेल तर फरक मोठा आहे, नुसता वर टांगलेला बल्ब तो भरून काढू शकत नाही. ऊब वर निघून जाते आणि पत्रा तापवत बसते. म्हणून कड्याच्या अर्ध्या भागावर ठेंगणं छत करा. बांबूच्या चौकटीवर बारदान ताणून जमिनीपासून दोन फुटांवर बसवा. बल्ब येतील तेवढी जागा पत्र्याची ठेवा, बारदानाला बल्ब लागता कामा नये. उरलेला अर्धा भाग उघडा राहू द्या, म्हणजे ज्याला गरम होईल ते बाहेर येईल. हे निवडायचं स्वातंत्र्य पिल्लाला हवंच. थर्मामीटर चुकेल, पिल्लू चुकत नाही. दिव्याखाली गच्च गोळा आणि चिवचिवाट म्हणजे थंडी वाजतेय. सगळी कड्याला चिकटून चोची उघड्या म्हणजे फार गरम झालंय. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा येतोय, तो कुठून येतो ते शोधा. एका थरात, पाय पसरून, इकडेतिकडे विखुरलेली झोपली असतील तर तुम्हीही जाऊन झोपा.

पिल्लामागे दोन वॅट हा नेहमीचा हिशोब. आपल्याकडच्या लाटेत मी रात्री तीन धरते. साठ पिल्लांना साठ-साठ वॅटचे तीन बल्ब. दोनशेचा एकच लावू नका, तो मध्यरात्री उडाला तर सगळंच गेलं. आणि बल्ब जुने पिवळे, तारेचेच हवेत. गेल्या काही वर्षांत दुकानात ते मिळेनासे झाल्यामुळे कितीतरी जणी एलईडी लावतात. उजेड तोच दिसतो, म्हणून ऊबही तीच असेल असं वाटतं. एलईडी पिल्लाला ऊब देत नाही. आमच्या गटातल्या एका बाईची अर्धी बॅच या एका गैरसमजापायी गेली. तारेचे बल्ब मिळालेच नाहीत तर सिरॅमिकचे हीटर मिळतात, त्यांना आटे असलेला होल्डर लागतो, तो चिनी मातीचाच घ्या, प्लॅस्टिकचा वितळतो. दिवा वायरला लोंबकळत ठेवू नका, तारेने किंवा साखळीने वेगळा बांधा. पिल्लाने उडी मारली आणि दिवा तुसात पडला की आग लागायला वेळ लागत नाही.

वीज जाणार हे धरूनच चाला. शेतातली लाईन पहाटे गेली तर दोन तास काढायची सोय आदल्या संध्याकाळीच हाताशी असावी. मी दोन लिटरच्या बाटल्यांत कढत पाणी भरून त्या गोधडीच्या तुकड्यात गुंडाळते आणि छताखाली आडव्या ठेवते. चुलीशेजारी तापवलेल्या विटाही गोणपाटात गुंडाळून चालतात. गुंडाळलेल्या विटेवर आपला तळहात आरामात टेकवता आला पाहिजे, मगच ती आत.

आता पडद्यांकडे येते, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे. कारण हिवाळ्यात गारठ्याने दगावतात त्याहून जास्त कोंबड्या कोंदट, ओल्या हवेने आजारी पडताना मी पाहिल्या आहेत. कोंबडीच्या विष्ठेत तीन-चतुर्थांश पाणीच असतं, श्वासातूनही वाफ निघते. खुराडं गच्च बंद केलं की ती सगळी वाफ वर जाते, गार पत्र्याला लागून थेंब होते आणि पिल्लांच्या पाठीवर ठिबकते. खाली गादी ओली होते, ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. अमोनियाने नाकाच्या आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि सीआरडीची, म्हणजे श्वसनमार्गाच्या रोगाची, जुनाट सर्दी तिथूनच शिरते. घरघर, शिंका, डोळ्याला फेस. मग लोक म्हणतात, एवढं बांधूनही थंडी बाधली. म्हणून कागद लावून गच्च बांधू नका. दोन गोष्टी रोज सकाळी पडदे उघडण्याआधी बघा. पत्र्याला आतून थेंब आलेत का? आणि आत गुडघ्यांवर बसून पिल्लाच्या उंचीला नाक नेलं तर डोळे चुरचुरतात का? उभ्याने कळत नाही, अमोनिया खाली, गादीजवळ असतो. दोन्हींपैकी एकाचंही उत्तर हो असेल तर वरची फट वाढवा, बाहेर कितीही गारठा असो.

पडदा कसा बांधायचा, तेही सांगते. आपल्याकडे पोतं वर खिळ्याला अडकवून खाली सोडतात, आणि हवा हवी म्हणून खालून वर गुंडाळतात. त्यामुळे वारा नेमका पिल्लांच्या अंगावरून जातो. उलट करा. पडदा खाली पक्का बांधा, वरच्या कडेला दोरी लावा, उघडताना वरून खाली सोडा. छपराखाली वीतभर फट रात्रंदिवस मोकळी राहील, तिला फक्त जाळी. गार हवा पिल्लांच्या डोक्यावरून जाते, वाफ घेऊन निघून जाते, खालचा भाग मात्र निवाऱ्यात राहतो. प्लॅस्टिकपेक्षा शिवलेलं बारदान बरं, ते थोडा दमटपणा बाहेर जाऊ देतं. बोचरा वारा आपल्याकडे उत्तरेकडून येतो, तेव्हा ती बाजू दुहेरी करा. बाहेरून मक्याचा कडबा किंवा तुराट्यांचा कूड उभा केलात तर वारा पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच मोडतो. दक्षिणेची बाजू मात्र जिवापाड जपा. डिसेंबरात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि खुराड्यात खोलवर पडतं. नऊ-साडेनऊला तो पडदा पूर्ण खाली सोडा, गादीला ऊन खाऊ द्या, संध्याकाळी साडेपाचच्या आत पुन्हा वर घ्या. आपल्याकडे पहाटे सहा अंश आणि दुपारी सत्तावीस, एवढा चढउतार एकाच दिवसात होतो. पडदा एकदा बांधला आणि सुटलो असं इथे होत नाही, रोज दोनदा हात लावावाच लागतो. दुपारी बल्ब बंद करायलाही विसरू नका.

गादी भाताच्या तुसाची करा. इगतपुरी, त्र्यंबककडच्या गिरण्यांत ते मिळतं. उन्हाळ्यात दोन इंच चालतं, आत्ता चार ते सहा इंच हवं, कारण जमिनीचा गारवा पोटातूनच लागतो. तूस आणताना मूठभर नाकाशी धरा. कुबट वास आला किंवा पांढरी बुरशी दिसली तर फुकट मिळालं तरी परत पाठवा. त्या बुरशीने पिल्लांच्या फुप्फुसांत गाठी होतात, पिल्लू आवाज न करता तोंड उघडून धापा टाकतं, आणि त्यावर औषध चालत नाही. भुईमुगाची टरफलंही चांगली. उसाचं पाचट पाणी धरून ठेवतं, मला ते आवडत नाही. गादी एक दिवसाआड दुपारी खालीवर करा, थोडी चुन्याची भुकटी मिसळा. मूठ दाबून उघडली की गादी सुटी व्हायला हवी. लाडू तसाच राहिला तर ती ओली आहे, तेवढा भाग उचलून टाका. भांड्याभोवतीची जागा सगळ्यात आधी भिजते, म्हणून पाण्याची भांडी जाळीच्या चौकटीवर, पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ओल्या गादीवर रक्ती हगवण हमखास येते. विष्ठेत रक्त दिसलं तर एक दिवसही थांबू नका, नमुना घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

पाण्याचं एक सोपं आहे. रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी सकाळी बर्फासारखं असतं, पिल्लं चोच लावून मागे सरतात. पाणी कमी प्यायली की खाणंही कमी. सकाळी बोअरचं किंवा विहिरीचं ताजं उपसलेलं पाणी द्या, हिवाळ्यात ते आपोआप कोमट असतं.

खाण्यात लोक एक चूक करतात. थंडी म्हणून मका वाढवतात आणि पिल्लांचं खाद्य कमी करतात. मक्याने अंगात ऊब येते हे खरं, पण पीस बनतं प्रथिनांचं, मक्यात ती थोडीच. आठ आठवड्यांपर्यंत स्टार्टर खाद्य पोटभर चालू ठेवा आणि त्यावर, संध्याकाळी पडदे लावायच्या आधी, मूठ-दोन मूठ मक्याचा बारीक भरडा किंवा बाजरी टाका. सोबत बारीक खड्यांची कच हवी, नाहीतर दाणा पचत नाही. अंधार पडल्यावर आठ-दहा पिल्लांच्या गळ्याच्या पिशव्या चाचपा. भरलेली पिशवी घेऊन झोपलेलं पिल्लू रात्र काढतं. यंदाचा मका ओला काढला असेल तर तो आधी चांगला वाळवा, बुरशी लागलेला मका जनावरालाही देऊ नये, पिल्लाला तर नाहीच.

लसीचं तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून विचारते. सातव्या दिवशी लासोटा (मानमोडीची लस) आणि चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस झाली असेल, तर अठ्ठाविसाव्या दिवशीची लासोटा आत्ताच जवळ आली आहे. मानमोडी आली की साठातली पाचही उरत नाहीत, त्यामुळे ही चुकवू नका. पण लस दिल्यावर दोन-तीन दिवस पिल्लं थोडी शिंकतात, त्यात लाटेची रात्र आणि कोंडलेली हवा आली तर सर्दी खोल जाते. डॉक्टरांना विचारून दोन दिवस मागेपुढे करा, लस निरोगी पिल्लांनाच द्या, आणि त्या रात्री ऊब एखाद्या अंशाने वाढवा.

तुमचं शेत नांदूर मधमेश्वरपासून फार लांब नसावं. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेलेलं ते पाणथळ हे आपल्या तालुक्याचं भूषण, पण हिवाळ्यात तिथे दूरदूरची बदकं उतरतात. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या नवापूरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये परभणीतही आला होता. म्हणून या दिवसांत कॅनॉलचं पाणी पाजू नका, कोंबड्या पाणथळाकडे सोडू नका, खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या ठेवा. एका दिवसात अचानक बरीच मेली तर कापू नका, विकू नका, ओढ्यात टाकू नका, आधी दवाखान्यात कळवा.

आता बल्ब कधी काढायचा. घाईने काढलेल्या बल्बने मी जेवढी पिल्लं गमावली, तेवढी रोगाने गमावली नाहीत. उन्हाळ्यात चार आठवड्यांना बल्ब निघतो, इथे सहा, लाट असेल तर सात. आधी दिवसाचा बंद. मग रात्री तीनऐवजी दोन, तीन-चार रात्रींनी एक. ढगाळ वातावरण असेल तेव्हा रात्र उबदार असते, कमी करायचं ते अशा रात्री. आकाश निरभ्र झालं आणि उत्तरेचा वारा सुटला की कमी करणं थांबवा, लागलं तर एक बल्ब परत लावा. बल्ब पूर्ण निघाल्यावर गोल कडं आणखी आठवडाभर राहू द्या, कारण पहिल्या अंधाऱ्या रात्री पिल्लं घाबरूनही ढीग करतात. मग बसायला दांड्या बसवा. लाकडाच्या, दोन इंच रुंद, चपट्या, म्हणजे कोंबडी बोटांवर पोट टेकवून बसते आणि पाय उबदार राहतात. लोखंडी पाइप पहाटे हाताला चटका बसावा इतका गार होतो. दांडी वाऱ्याच्या फटीच्या रेषेत येऊ देऊ नका.

आठ बाय दहात मोठ्या झालेल्या साठ कोंबड्या मावणार नाहीत, हेही आत्ताच लक्षात घ्या. एका कोंबडीला अडीच चौरस फूट धरले तर बत्तीस होतात. संक्रांतीच्या सुमारास नर ओळखू येतील, ते विकून तलंगा (तरुण माद्या) ठेवा.

पुढची बॅच आणायची असेल तर दसऱ्याच्या आधी आणा, म्हणजे डिसेंबरात पिसं आलेली असतील. नाहीतर थांबा. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते असं आपण म्हणतो, पिल्लांसाठी तोच दिवस धरा. मध्येच हौस म्हणून पाच-सात हवीच असतील तर खुडूक (उबवायला बसलेल्या) गावठी कोंबडीखाली आठ-नऊ अंडी ठेवा, उन्हाळ्यासारखी तेरा-चौदा नकोत, कडेची गार पडतात. तिच्या पोटाखालच्या पिल्लांना ना बल्ब लागतो ना तुमचं जागरण.

आजच्या रात्रीपुरतं एवढं करा: गोल कडं, ठेंगणं छत, तीन बल्ब, वीतभर फट. आणि पहाटे साडेचारचा गजर लावा. सगळ्यात गार वेळ सूर्य उगवायच्या आधीची असते, रात्री अकराला काय दिसतं त्याला अर्थ नाही. टॉर्चवर कापड धरून मंद उजेडात बघा, पिल्लं कशी झोपली आहेत आणि छताखाली पारा किती आहे. तेवढ्या दोन गोष्टी आणि सकाळी पत्र्याला थेंब होते का, हे मला उद्या कळवा. त्यावरून बल्ब वाढवायचा की फट, ते सांगते.